हवामानाचे वचन आणि सरकारदरबारची मागणी: कंपन्यांच्या लॉबिंगविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेट झिरोचे, म्हणजे वातावरणात सोडलेले आणि परत काढून घेतलेले हरितगृह वायूंचे उत्सर्जन समसमान करण्याचे, वचन देणाऱ्या कंपन्या सरकारदरबारी प्रत्यक्षात काय मागतात, याविषयी वाचकांकडून गेली काही वर्षे सातत्याने प्रश्न येत आहेत. विचारणाऱ्यांत म्युच्युअल फंडात एसआयपी करणारे गुंतवणूकदार आहेत, कंपन्यांच्या शाश्वतता विभागांत काम करणारे कर्मचारी आहेत, वाणिज्य आणि कायद्याचे विद्यार्थी आहेत, तसेच स्वतःचा छोटा कारखाना चालवणारे उद्योजकही आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्या उत्तरात असेल तर तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. लॉबिंग म्हणजे नेमके काय? ते बेकायदेशीर असते का?

कायदा, नियम, कर किंवा सरकारी योजना आपल्याला हवी तशी व्हावी, किंवा नको असलेली होऊ नये, यासाठी निर्णय घेणाऱ्यांपर्यंत आपले म्हणणे पोहोचवण्याच्या पद्धतशीर प्रयत्नाला लॉबिंग म्हणतात. मंत्र्यांची भेट, सचिवांना दिलेले निवेदन, नियमाच्या मसुद्यावर पाठवलेल्या हरकती व सूचना, संसदीय समितीपुढची साक्ष, वर्तमानपत्रातली पानभर जाहिरात, एखाद्या अभ्यासगटाला दिलेले अर्थसाहाय्य, हे सगळे त्यात येते. यात मुळात बेकायदेशीर काही नाही. गायरानावर कारखाना येऊ नये म्हणून ग्रामस्थ जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन देतात, तेव्हा तेही आपली बाजूच मांडत असतात. लाच देऊन निर्णय विकत घेणे हा गुन्हा आहे आणि तो वेगळा विषय आहे. मात्र ग्रामस्थ कामधंदा सोडून एखाद्या दिवशी कचेरीत जातात, तर कंपनीच्या धोरण विभागातला पगारी माणूस वर्षभर मंत्रालयात ये-जा करत असतो. म्हणून तो तिथे काय मागतो, हे लोकांना कळायला हवे.

२. लॉबिंगचा हवामानाच्या वचनाशी मेळ असणे म्हणजे काय?

कंपनी जाहीरपणे उत्सर्जन कमी करण्याचे जे उद्दिष्ट सांगते, त्याला पूरक ठरणारे कायदे ती मागते का, निदान त्यांच्या आड तरी येत नाही ना, एवढाच हा प्रश्न आहे.

टोयोटाचे उदाहरण घेऊ. २०१५ मध्ये या कंपनीने २०५० साठीचे पर्यावरणीय उद्दिष्ट जाहीर केले आणि नव्या गाड्यांचे कार्बन उत्सर्जन २०१० च्या तुलनेत ९० टक्क्यांनी घटवण्याचे ठरवले. पुढे २०१९ मध्ये ट्रम्प प्रशासनाने वाहनांच्या उत्सर्जनाचे स्वतंत्र निकष ठरवण्याचा कॅलिफोर्नियाचा अधिकार काढून घेतला. त्या न्यायालयीन लढ्यात टोयोटा, जनरल मोटर्स आणि फियाट क्रायस्लर प्रशासनाच्या बाजूने उभ्या राहिल्या, तर फोर्ड, होंडा, फोक्सवॅगन आणि बीएमडब्ल्यू यांनी कॅलिफोर्नियाशी वेगळा समझोता केला. देशभर एकच निकष असावा, असे टोयोटाचे म्हणणे होते आणि व्यवसायाच्या दृष्टीने ते समजण्यासारखेही आहे. तरीही ज्या राज्याचे निकष सर्वांत कडक, त्याचाच अधिकार काढण्याच्या बाजूने ती उभी होती, ही वस्तुस्थिती उरतेच. नोव्हेंबर २०२० मध्ये जनरल मोटर्सने आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये उरलेल्या दोघींनी त्या खटल्यातून अंग काढून घेतले.

३. कंपनी स्वतः काहीच विरोध करत नाही, विरोध तिची उद्योग संघटना करते. मग कंपनीला जबाबदार कसे धरायचे?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि माझ्या मते या विषयाचे मर्म इथेच आहे.

कंपनीच्या स्वतःच्या पत्रावर हवामानविरोधी मजकूर आता क्वचितच सापडतो. अवघड मागण्या संघटनेच्या पत्रावर जातात. संघटनेची वर्गणी सभासद भरतात, तिच्या कार्यकारी मंडळावर आणि उपसमित्यांवर सभासदांचे अधिकारी बसतात, निवेदनाचा मसुदाही बहुधा त्याच उपसमित्यांत घडतो. पत्र मात्र ‘उद्योगा’च्या नावाने जाते. सरकारी अधिकाऱ्याच्या हाती ते पडते तेव्हा त्यामागे कोण आग्रही होते, कोण गप्प होते आणि कोणाचा विरोध होता, यातले काहीच त्याला दिसत नाही. आत गप्प राहिलेल्या सभासदाच्या नावाचे वजनही त्या पत्राला मिळालेले असते.

हे किती थेट असू शकते ते ऑस्ट्रेलियात दिसले. ऑक्टोबर २०२० मध्ये क्वीन्सलँड राज्याची निवडणूक तोंडावर असताना क्वीन्सलँड रिसोर्सेस कौन्सिल या खाण-उद्योगाच्या संघटनेने मतदारांना ग्रीन्स पक्षाला शेवटचा पसंतीक्रम द्या, असे सांगणारी जाहिरात मोहीम चालवली. त्या मोहिमेमागे सभासद कंपन्यांच्या वर्गणीवर चालणारी संघटना होती. बीएचपी या सभासद खाण कंपनीने आक्षेप घेतला, मोहीम थांबली नाही, तेव्हा तिने आपले सभासदत्व स्थगित केले. ओरिजिन एनर्जीने तर संघटनाच सोडली. ‘मोहीम संघटनेची आहे, आमची नाही’ हे उत्तर त्या दोन कंपन्यांनाही पुरेसे वाटले नाही, हे इथे लक्षात घ्यावे.

४. कंपन्यांनी हा आढावा घ्यायला सुरुवात कधी केली?

वाद जुना आहे. अमेरिकेत २००९ मध्ये उत्सर्जनावर मर्यादा घालणारे वॅक्समन-मार्की विधेयक प्रतिनिधिगृहात २१९ विरुद्ध २१२ मतांनी मंजूर झाले आणि पुढे सिनेटमध्ये अडकून संपले. त्याला यूएस चेंबर ऑफ कॉमर्स या अमेरिकी उद्योगांच्या मोठ्या संघटनेने कडाडून विरोध केला होता. त्या वर्षी पीजी अँड ई, एक्सेलॉन आणि ॲपल या कंपन्यांनी चेंबर सोडले. नाइकेने संचालक मंडळातली जागा सोडली, पण सभासदत्व ठेवले.

पद्धतशीर, लेखी आणि प्रसिद्ध केलेला आढावा मात्र २०१७ पासून रुळला. ऑस्ट्रेलियातल्या एका भागधारक संस्थेने बीएचपीच्या वार्षिक सभेत तसा ठराव मांडला आणि त्या वर्षअखेरीस कंपनीने आपल्या संघटनांचा आढावा प्रसिद्ध केला. परिणामी पुढच्या वर्षी ती वर्ल्ड कोल असोसिएशनमधून बाहेर पडली. जगातली एक मोठी खाण कंपनी कोळशाच्या जागतिक संघटनेतून बाहेर पडते, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. यूएस चेंबरमध्ये मात्र ती राहिली.

५. असा आढावा प्रत्यक्षात कसा घेतात?

प्रथम कंपनी हवामान धोरणाविषयीची स्वतःची भूमिका लिहून काढते. ‘आम्ही पॅरिस कराराला पाठिंबा देतो’ एवढ्याने भागत नाही. कार्बनवर किंमत (उत्सर्जनासाठी कर किंवा शुल्क) असावी का, मिथेनच्या गळतीवर सरकारी नियम असावा का, कोळशाचे वीजप्रकल्प कधी बंद व्हावेत, वाहनांचे निकष किती कडक असावेत, अशा एकेका मुद्द्यावर हो की नाही ते सांगावे लागते. इथे मोघमपणा राहिला की पुढचे सगळे मोघम होते, कारण धूसर भूमिकेशी कोणाचाही मेळ बसवून दाखवता येतो.

त्यानंतर संघटनांची यादी होते. मोठ्या बहुराष्ट्रीय कंपनीचे सभासदत्व शेकडो संघटनांत असू शकते, म्हणून वर्गणी, संघटनेचा प्रभाव आणि हवामान धोरणातला तिचा वावर पाहून काही निवडल्या जातात. शेल या तेल कंपनीने एप्रिल २०१९ मध्ये पहिला आढावा दिला तेव्हा १९ संघटना तपासल्या होत्या. नऊ संघटनांशी काही प्रमाणात मतभेद आढळले आणि अमेरिकेतल्या तेलशुद्धीकरण व पेट्रोरसायन उत्पादकांच्या संघटनेशी एवढे अंतर दिसले की शेलने तिचे सभासदत्व पुढे न चालवण्याचे ठरवले.

तिसरी पायरी पुराव्याची आहे आणि आढाव्याचा कस इथे लागतो. संघटनेच्या संकेतस्थळावर ‘हवामान बदल हे गंभीर आव्हान आहे’ असे एक पान असतेच. त्याच संघटनेने एखाद्या मसुद्यावर दिलेल्या हरकतींत मुदत पाच वर्षे पुढे ढकला, दंडाची तरतूद काढा, मोजणी ऐच्छिक ठेवा, असे लिहिलेले असू शकते. पहिले पान वाचून दिलेला ‘मेळ आहे’ हा शेरा आणि दुसरे पत्र वाचून दिलेला शेरा यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. म्हणून कोणताही आढावा वाचताना त्यात एखाद्या ठरावीक नियमाचा आणि त्यावरच्या ठरावीक निवेदनाचा उल्लेख आहे का, हे मी आधी पाहतो. तो नसेल तर तपासणी प्रस्तावनेपाशीच थांबली, असे समजायला हरकत नाही.

शेवटी, मेळ नसेल तर काय करणार, ते कधीपर्यंत, आणि त्यावर संचालक मंडळातल्या कोणत्या समितीची देखरेख असेल, हे जाहीर करायचे असते. ‘काय करणार’ याचे उत्तर प्रश्न ६ मध्ये आहे.

६. मेळ बसत नसेल तर संघटना सोडावी की आत राहून ती बदलावी?

दोन्ही मार्ग वापरले गेले आहेत. बीपी या तेल कंपनीने फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकेतल्या तीन संघटना एकदम सोडल्या आणि मतभेदाचे मुद्देही सांगितले: कुठे कार्बनच्या किमतीवर, कुठे मिथेनच्या नियमांवर. फ्रान्सच्या टोटलने जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट ही तेल-वायू उद्योगाची संघटना सोडली. शेल आणि बीपी त्या संस्थेत राहिल्या, आणि मार्च २०२१ मध्ये त्या संस्थेने कार्बनवर किंमत आकारण्याच्या कल्पनेला प्रथमच पाठिंबा जाहीर केला. आत राहणारे याचे श्रेय आतल्या दबावाला देतात, टीकाकार म्हणतात की वॉशिंग्टनमधले सरकार बदलल्यामुळे भूमिका बदलली.

आत राहणे तेव्हाच पटण्यासारखे ठरते, जेव्हा कंपनी आपला वेगळा सूर जाहीरपणे लावते. ‘या मुद्द्यावर आमच्या संघटनेशी आम्ही सहमत नाही’ असे पत्र सरकारकडे स्वतःच्या नावाने पाठवणे, ते प्रसिद्ध करणे आणि संघटनेला मुदत देणे, या तीन गोष्टी झाल्या तर आत राहण्याला अर्थ आहे. त्या न करता वर्षानुवर्षे ‘आम्ही आतून प्रयत्न करत आहोत’ असेच लिहिले जात असेल, तर ते सभासदत्वाचे समर्थन झाले. सोडण्याचीही किंमत असते: चांगले सभासद गेले की मागे उरलेली संघटना अधिकच ताठर होऊ शकते. त्यामुळे ‘सोडली म्हणजे चांगली, राहिली म्हणजे वाईट’ असा हिशेब मी करत नाही.

७. कंपनीने स्वतःच स्वतःचा आढावा घेतला. त्यावर विश्वास कसा ठेवायचा? बाहेरचे कोणी तपासते का?

लंडनची इन्फ्लुएन्समॅप ही संस्था २०१५ पासून कंपन्या आणि उद्योग संघटना यांची निवेदने, साक्षी, जाहिराती आणि वरिष्ठांची विधाने गोळा करून त्यांना ए प्लसपासून एफपर्यंत श्रेणी देते. या श्रेणीत कंपनीच्या स्वतःच्या भूमिकेबरोबर तिच्या संघटनांचेही वजन धरले जाते. कंपनीच्या अहवालात ‘मेळ आहे’ असे लिहिलेली संघटना इथे खालच्या श्रेणीत दिसली, तर का, हे विचारायला जागा मिळते.

मार्च २०२२ मध्ये स्वीडनचा एपी ७ निवृत्तिवेतन निधी, बीएनपी पारिबा ॲसेट मॅनेजमेंट आणि चर्च ऑफ इंग्लंडचे पेन्शन मंडळ यांनी पुढाकार घेऊन जबाबदार हवामान लॉबिंगचे जागतिक मानक प्रसिद्ध केले. त्यात १४ निकष आहेत. त्याच वर्षी जूनमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पाठिंब्याने चालणाऱ्या ‘रेस टू झिरो’ मोहिमेने आपल्या अटींत धोरणविषयक भूमिकेचा मेळ हा मुद्दा घातला. नोव्हेंबरमध्ये कॅथरीन मॅककेना यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ गटानेही सांगितले की नेट झिरोचे वचन देणाऱ्याने हवामान धोरण कमकुवत करणारे लॉबिंग स्वतः करू नये आणि संघटनांमार्फतही करू नये.

८. भागधारक म्हणून माझ्या हातात काय आहे?

अमेरिकेत बरेच काही होते आणि त्याचा परिणामही दिसला. मे २०२० मध्ये शेवरॉन या तेल कंपनीच्या सभेत हवामान लॉबिंगचा अहवाल मागणाऱ्या ठरावाला ५३ टक्के मते पडली, म्हणजे व्यवस्थापनाच्या शिफारशीविरुद्ध बहुमत झाले. पुढच्या वर्षी एक्सॉनमोबिल या दुसऱ्या तेल कंपनीत तशाच ठरावाला सुमारे ६४ टक्के मते मिळाली. टोयोटामध्ये २०२३ साली युरोपातल्या निवृत्तिवेतन निधींनी मांडलेला ठराव सुमारे १५ टक्क्यांवर थांबला.

भारतात हा रस्ता जवळजवळ बंद आहे. अमेरिकेच्या २०२० च्या नियमांनुसार तीन वर्षे सलग २,००० डॉलर किमतीचे समभाग बाळगणारा साधा भागधारक ठराव मांडू शकत होता. आपल्या कंपनी कायदा २०१३ च्या कलम १११ नुसार सभासदांचा ठराव कंपनीमार्फत इतर सभासदांकडे पाठवायचा असेल, तर कलम १०० मधली अट पूर्ण करावी लागते, म्हणजे मताधिकार असलेल्या भरणा झालेल्या भांडवलाचा दहावा हिस्सा मागणी करणाऱ्यांच्या हातात हवा. प्रवर्तकांच्या हाती मोठा हिस्सा असलेल्या आपल्या कंपन्यांत तेवढे भांडवल एकत्र आणणे सामान्य गुंतवणूकदाराला शक्य नाही. तरीही वार्षिक सभेत आधी नोंदणी करून बोलता येते, आणि विचारलेला प्रश्न इतिवृत्तात यावा असा आग्रह धरता येतो. म्युच्युअल फंडांना कंपन्यांच्या ठरावांवर केलेले मतदान जाहीर करावे लागते. तुमच्या फंडाने कंपनीशी लॉबिंगविषयी कधी संवाद साधला का, हे ईमेलने विचारण्याचा अधिकार युनिटधारकाला आहे आणि असे प्रश्न फार थोडे लोक विचारतात.

९. भारतात लॉबिंगचा कायदा आहे का?

नाही. अमेरिकेत १९९५ च्या कायद्याखाली लॉबिंग करणाऱ्यांना नोंदणी करून विषय आणि खर्च यांची विवरणे भरावी लागतात, आता ती दर तिमाहीला भरतात. युरोपीय संघात पारदर्शकता नोंदवही आहे. आपल्याकडे नोंदणी नाही, विवरण नाही, खर्चाची मर्यादा नाही आणि बंदीही नाही.

याची जाणीव २०१२ च्या डिसेंबरात झाली. वॉलमार्टने अमेरिकेत भरलेल्या विवरणांत इतर अनेक विषयांबरोबर भारतीय बाजारपेठेतल्या प्रवेशाचाही उल्लेख होता. त्यावरून संसदेत गदारोळ झाला आणि सरकारने चौकशी समिती नेमली. आपल्या देशाविषयीच्या लॉबिंगची माहिती आपल्याला दुसऱ्या देशाच्या कायद्यामुळे मिळाली, ही बोच अजून गेलेली नाही. २०१३ मध्ये लोकसभेत लॉबिंगच्या प्रकटीकरणाचे एक खासगी विधेयक आले, पण त्याचा कायदा झाला नाही. आज जो काही उजेड पडतो तो सेबीच्या अहवाल पद्धतीमुळे. तिच्याविषयी प्रश्न १० पाहावा.

१०. भारतीय कंपनीचे लॉबिंग तपासायचे असेल तर सुरुवात कुठून करू?

वार्षिक अहवालातल्या बीआरएसआरपासून. बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून सेबीने हा व्यवसाय उत्तरदायित्व व शाश्वतता अहवाल बंधनकारक केला आहे. अहवाल नऊ तत्त्वांत विभागलेला आहे, आणि धोरणांवर प्रभाव टाकताना जबाबदारीने व पारदर्शकपणे वागावे, हे त्यातले सातवे तत्त्व.

कंपनीच्या संकेतस्थळावरून अहवाल उतरवून घ्या आणि पीडीएफमध्ये सातव्या तत्त्वापर्यंत जा. तिथे एक छोटा तक्ता दिसेल: अनुक्रमांक, संघटनेचे नाव, आणि व्याप्ती राज्य की राष्ट्रीय. त्यात जास्तीत जास्त दहा नावे असतात. सीआयआय, फिक्की, असोचॅम, एखादी क्षेत्रीय संघटना आणि मुंबई-पुण्याची कंपनी असेल तर बॉम्बे चेंबर किंवा मराठा चेंबर. ही यादी अनिवार्य आहे. तिच्याखाली ऐच्छिक भागात खरी माहिती मागितलेली आहे: कोणत्या धोरणाचा पुरस्कार केला, कोणत्या मार्गाने केला, ती माहिती सार्वजनिक आहे का, मंडळ किती वेळाने आढावा घेते आणि दुवा कुठे आहे. हे पाच रकाने एकामागून एक अहवालांत मी पाहत आलो आहे. अनेकदा तिथे ‘लागू नाही’ असते, किंवा ‘कंपनी उद्योग संघटनांमार्फत आपले विचार मांडते’ एवढे एक वाक्य. म्हणजे प्रश्न फिरून पुन्हा त्या दहा नावांच्या तक्त्याकडे येतो. वर्गणी किती, हा रकानाच नाही.

म्हणून यादी हाती आली की संबंधित संघटनेचे संकेतस्थळ उघडावे आणि मंत्रालयांना दिलेली निवेदने, अर्थसंकल्पपूर्व मागण्या यांचे पान शोधावे. तिथे नसेल तर ज्या विभागाने मसुदा काढला त्याच्याकडे आलेल्या हरकती व सूचनांसाठी माहिती अधिकारात अर्ज करता येतो. एकच नियम निवडा, त्यावरचे एकच निवेदन मिळवा आणि कंपनीच्या उद्दिष्टाशेजारी ठेवून वाचा.

११. आपल्याकडचे एखादे ताजे उदाहरण आहे का?

मोटारींच्या इंधन कार्यक्षमतेच्या निकषांचे आहे. कॅफे या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या निकषांचा पहिला टप्पा २०१७-१८ मध्ये आणि दुसरा २०२२-२३ मध्ये लागू झाला. तिसरा एप्रिल २०२७ पासून लागू करण्याचे ठरले. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने सप्टेंबर २०२५ मध्ये काढलेल्या मसुद्यात ९०९ किलोपर्यंत वजनाच्या लहान पेट्रोल गाड्यांना जादा सवलत होती. लहान गाड्यांवर भर असलेल्या मारुती सुझुकीने सवलतीचे समर्थन केले, तर टाटा मोटर्स आणि महिंद्रा यांनी विरोध केला. लहान गाडी मुळातच कमी इंधन पिते, तिला मोठ्या गाडीच्या पट्टीने मोजू नये, अशी एक बाजू. वजनावरून सवलत दिली तर एकाच कंपनीला फायदा होईल आणि विजेच्या गाड्यांकडे जाण्याचा वेग मंदावेल, अशी दुसरी.

दोन्ही बाजूंना स्वतःचा धंदा आहे, हे उघड आहे. तरी हा वाद वाचकाच्या उपयोगाचा ठरला, कारण सगळ्या वाहन उत्पादकांची एकच संघटना असूनही या मुद्द्यावर कंपन्यांना स्वतःच्या नावाने बोलावे लागले. कोण काय मागते ते दिसले. त्यामुळे प्रत्येकीची मागणी तिच्या स्वतःच्या नेट झिरो उद्दिष्टाशी ताडून पाहणे शक्य झाले.

१२. कंपनी कार्बन कराला जाहीर पाठिंबा देते. एवढे पुरेसे नाही का?

तत्त्वाला पाठिंबा आणि समोर आलेल्या प्रत्यक्ष उपायाला विरोध, हे या क्षेत्रातले नेहमीचे चित्र आहे. बीपीने कार्बनवर किंमत असावी, असे वर्षानुवर्षे सांगितले. २०१८ मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात कार्बन शुल्काचा प्रस्ताव थेट मतदानाला आला, तेव्हा तो हाणून पाडण्याच्या मोहिमेत तिने सुमारे १.३ कोटी डॉलर घातले. प्रस्तावाची रचना सदोष आहे, असे तिचे म्हणणे होते. प्रस्ताव पडला.

दुसरा प्रसंग जून २०२१ चा. ग्रीनपीसच्या शोधपत्रकारांनी गुप्तपणे केलेल्या चित्रीकरणात एक्सॉनमोबिलच्या वॉशिंग्टनमधल्या एका वरिष्ठ लॉबिस्टने सांगितले की कार्बन कर येणार नाही हे ठाऊक आहे, पण त्याला पाठिंबा देणे हा बोलायला चांगला मुद्दा आहे. ही कंपनीची भूमिका नाही, असे मुख्याधिकारी डॅरेन वुड्स यांनी जाहीर केले आणि माफी मागितली. रचनेवरचा आक्षेप प्रामाणिक असू शकतो. तसा तो असेल तर कंपनीने पर्यायी रचना लिहून द्यावी आणि तिच्यासाठी तेवढाच पैसा व वेळ खर्च करावा.

१३. युरोपच्या कार्बन सीमाशुल्काला भारतीय पोलाद कंपन्यांचा विरोध आहे. तो हवामानविरोधी लॉबिंगमध्ये मोजायचा का?

सरसकट मोजू नये. युरोपीय संघाची ही यंत्रणा ऑक्टोबर २०२३ पासून अहवालापुरती सुरू झाली आणि जानेवारी २०२६ पासून तिचा पैशाचा टप्पा आला. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते यांच्या आयातीवर त्यांच्या उत्पादनातल्या उत्सर्जनानुसार भार पडतो. ऐतिहासिक उत्सर्जन कमी असलेल्या देशावर श्रीमंत देशांनी एकतर्फी भार टाकू नये, ही भारत सरकारचीही भूमिका आहे आणि न्यायाचा तो मुद्दा खरा आहे.

भेद पुढे करायचा असतो. ‘युरोपला भार देण्याऐवजी देशातच कार्बनची किंमत लावा, तो पैसा इथे राहील’ असे म्हणणारी कंपनी वचनाशी सुसंगत आहे. देशात कार्बन क्रेडिट व्यापार योजना (उद्योगांना उत्सर्जनाची उद्दिष्टे देऊन क्रेडिटची खरेदी-विक्री करू देणारी) २०२३ मध्ये अधिसूचित झाली आहे. तिच्या उद्दिष्टांत ढिलाई मागायची आणि बाहेरच्या शुल्कालाही विरोध करायचा, असे दोन्ही करणाऱ्या कंपनीला मात्र न्यायाचा मुद्दा पुढे करता येणार नाही.

१४. कंपनीने हवामानाचे वचनच सौम्य केले, तर मेळ आपोआप बसतो ना?

कागदावर बसतो. बीपीने २०२० मध्ये २०३० पर्यंत तेल-वायू उत्पादन ४० टक्क्यांनी घटवण्याचे ठरवले होते, २०२३ मध्ये ते २५ टक्क्यांवर आणले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये उत्पादन वाढवण्याचेच ठरवले. वचन खाली आले की लॉबिंगशी त्याचे अंतरही कमी दिसते. म्हणून प्रश्न ७ मधले मानक कंपनीच्या स्वतःच्या वचनाऐवजी पॅरिस कराराच्या उद्दिष्टाला मोजपट्टी मानते. आढावा वाचताना मोजपट्टी कोणती धरली आहे, ते पहिल्या दोन पानांत शोधा आणि मागच्या वर्षीच्या आढाव्याशी ताडून पाहा.

१५. कंपनी विरोधही करत नाही आणि पाठिंबाही देत नाही. गप्प राहणे चालते का?

ज्या कंपनीचा त्या नियमाशी फारसा संबंध नाही, तिच्याबाबत चालते. पण संबंध असताना आणि संघटना विरोधात बोलत असताना गप्प राहणे म्हणजे त्या विरोधाला आपले नाव वापरू देणे (प्रश्न ३). याउलट, २०२३ मध्ये मोठ्या कंपन्यांना पुरवठा साखळीसह सर्व उत्सर्जन जाहीर करायला लावणारे विधेयक कॅलिफोर्नियात आले, तेव्हा राज्यातल्या मोठ्या चेंबरचा विरोध असूनही ॲपलने विधेयकाला लेखी पाठिंबा दिला.

१६. राजकीय देणग्या आणि निवडणूक रोखे यात धरायचे का?

वेगळे धरावेत. देणगी पक्षाला जाते, लॉबिंग ठरावीक नियमासाठी होते. निवडणूक रोखे सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनाबाह्य ठरवले. मात्र कंपनीने देणगीचा तपशील आणि लॉबिंगचा आढावा एकाच ठिकाणी दिला, तर वाचकाला दोन्ही शेजारी ठेवून पाहता येतात, आणि तसे देणे चांगले.

१७. माझा पंचवीस कामगारांचा कारखाना आहे. आमच्या संघटनेने आमच्या नावाने काय मागितले, हे मला कळतच नाही. मी काय करू?

तुमची अडचण मोठ्या कंपन्यांपेक्षा वेगळी नाही, फक्त तुमच्याकडे धोरण विभाग नाही. सभासद म्हणून संघटनेच्या सचिवांकडे लेखी मागा: गेल्या वर्षभरात ऊर्जा, प्रदूषण आणि उत्सर्जन या विषयांवर केंद्र व राज्य सरकारला दिलेल्या निवेदनांच्या प्रती, आणि ती निवेदने ज्या उपसमितीत ठरली तिच्या सदस्यांची नावे. बहुतेक संघटनांच्या घटनेत सभासदाला कामकाजाची माहिती मिळण्याची काही तरी तरतूद असते, ती आधी वाचून घ्या.

निवेदनात तुमच्या हिताविरुद्ध काही आढळणे अगदी शक्य आहे. मोठ्या सभासदांसाठी मागितलेली मुदतवाढ लहान पुरवठादाराला महागात पडू शकते: तुम्ही नवी भट्टी किंवा छतावरची सौर यंत्रणा कर्ज काढून आधीच बसवलेली असते आणि नियम पुढे ढकलला की तुमच्या स्वस्त, स्वच्छ मालाला मिळणारा फायदाही पुढे जातो. तसे असेल तर पुढच्या मसुद्याच्या वेळी संघटनेच्या पत्राची वाट न पाहता, राजपत्रात दिलेल्या मुदतीत, साध्या मराठीत आणि कारखान्याच्या लेटरहेडवर स्वतःच्या हरकती व सूचना पाठवा, पोच घ्या आणि तिची एक प्रत संघटनेच्या सचिवांनाही द्या.